एका टेबलावर तीन पोथ्या

आमच्या घरात जेवणाचे टेबल एकच आहे. सकाळी त्यावर भाजी चिरली जाते, दुपारी सासूबाई वर्तमानपत्र पसरून शब्दकोडे सोडवितात, संध्याकाळी मुलगा अभ्यासाला बसतो आणि रात्री सगळ्यांची जेवणे उरकली, की ते माझ्या ताब्यात येते. गेली सहा-सात वर्षे रात्री साडेनऊ ते बारा या वेळात मी त्या टेबलावर एक पोथी संपादित करीत आहे. "अजून झाली नाही का हो तुमची पोथी?" हा प्रश्न आमच्या नात्यागोत्यात आता "बरे आहात ना?" या प्रश्नाच्या जागी विचारला जातो.

पोथी एक म्हटली, तरी तिच्या प्रती तीन. एका अप्रसिद्ध कवीने रचलेले, अकराशेंहून अधिक ओव्यांचे हे आख्यान. एक प्रत सातारा जिल्ह्यातल्या एका घराण्याच्या देवघरात, दुसरी एका मठात आणि तिसरी एका ग्रंथालयात. मूळ पोथ्या कोणी घरी नेऊ देत नाही, आणि देऊही नयेत. त्यांच्या पानांची छायाचित्रे तेवढी माझ्याजवळ आहेत. मी या प्रतींना क, ख आणि ग अशी साधी नावे दिली. क प्रतीच्या शेवटी शके १७१० चा, म्हणजे इसवी सन १७८८ चा उल्लेख आहे; ख प्रत शके १७४८ ची; ग प्रतीवर काळाची नोंद नाही.

संपादन करायचे म्हणजे या तिन्ही प्रती ओवीओवीने ताडून पाहायच्या. काम तसे साधे आहे. अडचण होती ती पडद्याची. माझ्या लॅपटॉपचा पडदा पंधरा इंची. त्यावर क उघडली की ख झाकली जाई आणि ख पुढे आणली की मी टंकलिहित केलेली संहिता मागे जाई. एका प्रतीतली ओवी डोळ्यांत साठवावी, दुसरी प्रत उघडावी आणि तेवढ्यात पहिल्या प्रतीत 'जाला' होते की 'झाला' होते, हेच विसरावे! पुन्हा मागे, पुन्हा पुढे. एका ओवीला दहा-बारा मिनिटे लागत. शिवाय पडदा ठेंगणा म्हणून मी त्याच्यावर वाकून बसे, त्यामुळे मान अशी धरे की दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्याकडे वळताना सबंध अंगानेच वळावे लागे.

ज्यांच्या हाताखाली मी हे शिकले, ते आमचे सर आज ब्याऐंशी वर्षांचे आहेत. ते म्हणत, "संपादकाला विद्वत्ता नंतर, आधी मोठे टेबल पाहिजे." हा विनोद नव्हे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली सुरू केले आणि १९६६ साली पुरे केले. तेथे पाठ ताडण्यासाठी चौकटी आखलेले मोठे कागद असत. वरच्या ओळीत श्लोकाचे एकेक अक्षर एकेका चौकटीत, आणि खाली प्रत्येक हस्तलिखिताचा वेगळा पाठ त्या त्या अक्षराखाली. सगळे साक्षीदार एका नजरेत समोर उभे. विष्णु सीताराम सुखटणकरांसारख्या संपादकाला कागदाच्या पसाऱ्याचे मोल ठाऊक होते. मी मात्र एकेका साक्षीदाराला खोलीत बोलावून, पहिल्याला बाहेर काढून, दुसऱ्याची जबानी घेत होते.

माळ्यावरची दोन पाहुणी

गेल्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून दोन मॉनिटर खाली आले. त्यांतला एक बावीस इंची. २०२० साली सगळ्यांचीच कचेरी घरात आली, तेव्हा ह्यांनी तो बँकेच्या कामासाठी घेतला होता. दुसरा आमच्या जुन्या संगणकाचा, चौकोनी चेहऱ्याचा, सतरा इंची. सासूबाईंनी दोन्हींवरची धूळ फडक्याने झटकली आणि विचारले, "हे भंगारात द्यायचे ना?"

बारावीतला मुलगा म्हणाला, "आई, हे तुझ्या लॅपटॉपला जोड ना. तीन पडदे होतील. तीन पोथ्या, तीन पडदे!"

एवढी साधी गोष्ट मला इतकी वर्षे का सुचली नाही, कोण जाणे. तशी ही कल्पना काही नवी नाही. १९८७ साली आलेल्या मॅकिंटॉश-टू या संगणकाला एकाहून अधिक पडदे जोडता येत, आणि विंडोज ९८ पासून साध्या संगणकांनाही ती सोय मिळाली. माझ्या लॅपटॉपच्या कडेला एचडीएमआयचे एक पोर्ट होते. बावीस इंची मॉनिटर त्याला जोडला आणि दोन मिनिटांत क प्रतीचे पान त्याच्यावर झळकले. पोथीचे पान छापील पुस्तकासारखे उभे नसते, आडवे आणि लांबट असते; ते त्या आडव्या पडद्यावर असे बसले, की जणू पडदा पोथीसाठीच केला असावा.

पण एचडीएमआय पोर्ट एकच. आता चौकोनी मॉनिटर कुठे जोडायचा? उरली होती ती यूएसबीची पोर्टे: दोन जुन्या वळणाची, चपटी आयताकृती, आणि एक नव्या वळणाचे, लंबगोल टाइप-सी. येथून माझ्या शिक्षणास प्रारंभ झाला.

तोंड सारखे, पोट वेगळे

पुण्यात विजेच्या वस्तूंसाठी तपकीर गल्लीत जायचे, हा रिवाज. तेथल्या एका दुकानदाराला मी गरज सांगितली. त्याने मान डोलावली, टाइप-सीमध्ये खुपसायचे एक छोटे अ‍ॅडॉप्टर काढले आणि म्हणाला, "ताई, हे लावा, चित्र आलेच समजा." मी नऊशे रुपये मोजले. घरी येऊन ते लावले. मॉनिटरने दोन क्षण विचार केला, 'सिग्नल नाही' अशी पाटी दाखविली आणि झोपी गेला. उलटे लावले, सुलटे लावले, मॉनिटर बंद करून चालू केला. पाटी तीच.

दुकानदार लबाड नव्हता आणि अ‍ॅडॉप्टरही बिघडलेले नव्हते. ते दुसऱ्या एका लॅपटॉपवर नीट चालले. चूक अशी की, माझ्या लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टातून चित्र बाहेर पडतच नव्हते, आणि हे विचारायचे असते, हे मला ठाऊक नव्हते.

वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी हे घडले असेल, म्हणून थोडे विस्ताराने सांगते. यूएसबीचा जन्म १९९६ सालचा. इंटेल कंपनीच्या ज्या मंडळींनी ती घडविली, त्यांत अजय भट्ट हे प्रमुख. हे मूळचे बडोद्याचे आणि तेथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. बडोदे म्हटले, की मराठी माणसाचे कान टवकारतात, म्हणून एवढे सांगितले. छपाईयंत्राला एक तोंड, कळफलकाला दुसरे, उंदराला तिसरे, असा जो गोंधळ होता, तो मोडून सर्वांना एकच तोंड द्यावे, ही त्यामागची कल्पना. ती सफळ झाली. पण सगळ्यांचे तोंड सारखे झाल्यावर पोटात काय आहे, हे तोंडावरून ओळखू येईनासे झाले!

२०१४ साली आलेले टाइप-सी हे याचे उत्तम उदाहरण. हेच पोर्ट काही लॅपटॉपांत नुसती माहितीची ने-आण करते, काहींत वीज घेते, आणि काहींत त्यांच्या जोडीला मॉनिटरचे चित्रही थेट बाहेर सोडते. चित्र सोडण्याच्या या सोयीला डिस्प्लेपोर्ट ऑल्टरनेट मोड म्हणतात. ती असेल, तर नऊशे रुपयांचे साधे अ‍ॅडॉप्टर पुरते. चित्र संगणकाने आधीच तयार केलेले असते, अ‍ॅडॉप्टरने त्याचा पेहराव तेवढा बदलायचा. ती सोय नसेल, तर जगातले कोणतेही साधे अ‍ॅडॉप्टर तेथे चित्र आणू शकत नाही. पोर्टाजवळ डीपी अशी बारीक खूण किंवा थंडरबोल्टची विजेची खूण असेल, तर बहुधा चित्र येते. पण सगळेच कारखानदार खूण छापीत नाहीत. तेव्हा खात्रीचा मार्ग एकच: आपल्या लॅपटॉपचे नेमके मॉडेल पाहून त्याच्या माहितीपत्रकात ही सोय लिहिली आहे का, ते वाचावे. हे मी दुकानात जाण्यापूर्वी केले असते, तर रिक्षाचे भाडे तरी वाचले असते.

बाजारात आणखी एक प्रकार दिसतो: टाइप-सीला लावायचा आणि दोन-दोन एचडीएमआय पोर्टे असलेला हब. तो एका चित्रवाहिनीचे दोन फाटे करतो. विंडोजवर त्यातून दोन वेगळी चित्रे मिळू शकतात. मॅकवर मात्र बहुधा दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दिसते, कारण हे फाटे फोडण्याची रीत मॅकची प्रणाली त्या कामापुरती मानीत नाही. आणि या हबलाही मूळ पोर्टातून चित्र येणे लागतेच.

नुसते पाठभेद पाठवा

मग माझ्यासारख्यांनी काय करावे? याचे उत्तर मुलाने शोधून काढले. त्यासाठी वेगळ्या जातीचे अ‍ॅडॉप्टर मिळते. ते जुन्या आयताकृती यूएसबीलाही लागते, त्याला पोर्टातून चित्र येण्याची गरज नसते, आणि त्याच्या पोटात एक छोटी चिप असते. या चिपांत सर्वांत प्रसिद्ध नाव डिस्प्लेलिंक. ही कंपनी २००३ साली इंग्लंडात केंब्रिज येथे निघाली; २०२० साली ती सिनॅप्टिक्स या अमेरिकन कंपनीने विकत घेतली.

ही चिप काय करते, हे मुलगा मला समजावीत होता आणि मी भाषेची बाई असल्यामुळे फारसे लक्ष देत नव्हते. पण त्याने आकडे मांडले आणि मी चपापले. आजच्या साध्या मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला २४ बिट लागतात. बिट म्हणजे एक 'होय' किंवा 'नाही'. आणि हे सबंध चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवायचे. गुणाकार केला, तर सेकंदाला सुमारे २९९ कोटी बिट. आता यूएसबीची ताकद पाहा. २००० साली आलेल्या यूएसबी २.० मधून सेकंदाला फार तर ४८ कोटी बिट जातात. २००८ च्या यूएसबी ३.० मधून ५०० कोटी, आणि तेही कागदावर. त्यात दोन मॉनिटर लावायचे म्हटले, तर हिशेब बसतच नाही.

"मग चित्र जाते कसे?" मी विचारले.

"सगळे जातच नाही, आई. पडद्यावर जेवढे बदलले, तेवढेच पाठवायचे. तेही दाबून, लहान करून. पलीकडे अ‍ॅडॉप्टरमधली चिप ते उलगडते आणि आधीच्या चित्रात बसवते. जे बदलले नाही, ते कशाला पुन्हा पाठवायचे?"

मी हातातला चहा खाली ठेवला. कारण हे तर आमचेच काम! चिकित्सक आवृत्तीत आम्ही तिन्ही पोथ्या अथपासून इतिपर्यंत छापीत नाही. एक संहिता वर छापतो आणि बाकीच्या प्रतींत जेथे जेथे फरक असेल, तेवढाच पाठभेद म्हणून तळटीपेत देतो. वाचणाऱ्याने त्यावरून सबंध प्रत मनात उभी करायची. डिस्प्लेलिंकची चिप सेकंदाला कित्येकदा हेच करीत असते: 'मागील चित्राप्रमाणे, फरक एवढाच.'

हे एकदा कळले, की या अ‍ॅडॉप्टरचे सारे गुणदोष आपोआप कळतात. पोथीचे पान पडद्यावर स्थिर असते. पाठभेद नाहीतच, म्हणून पाठवायचेही काही नाही. लेख, हिशेबाचे तक्ते, पत्रव्यवहार यांसाठी ते झकास. उलट सिनेमात आणि खेळांत क्षणाक्षणाला सारा पडदा बदलतो. तेथे तळटिपाच मूळ ग्रंथाहून मोठ्या होतात, आणि चित्र अडखळू शकते. शिवाय ही दाबादाबी संगणकाच्या मुख्य मेंदूलाच करावी लागते, म्हणून त्याचा पंखा जास्त फिरतो आणि बॅटरी लवकर उतरते. आणि या कामासाठी संगणकात एक खास प्रणाली, म्हणजे ड्रायव्हर, बसवावा लागतो. विंडोज १० आणि ११ मध्ये इंटरनेट चालू असेल, तर तो बहुधा आपोआप उतरतो. मॅकवर तो स्वतः उतरवून घ्यावा लागतो. तेथे हा ड्रायव्हर पडद्याचे चित्रण करण्याची परवानगी मागतो, ती पाहून दचकू नये. त्यावाचून त्याला चित्र पाठविताच येत नाही. मात्र त्यामुळे मॅकवर संरक्षित सिनेमे या पडद्यावर काळे दिसतात, हेही ध्यानात असू द्यावे.

या दोषांसकट त्याचा उपयोग मोठा. २०२० साली निघालेल्या एम-वन चिपच्या मॅकबुकला स्वतःच्या बळावर बाहेरचा एकच मॉनिटर जोडता येतो. दुसरा हवा असणारांनी ही वाट धरली. साध्या लॅपटॉपवाल्यांची गोष्टही तीच.

हरवलेला उंदीर

या खेपेस मी खोक्यावरचे नाव वाचून, डिस्प्लेलिंकची चिप असलेले अ‍ॅडॉप्टर घेतले. साडेचार हजार रुपये पडले. "एवढ्यात लहान मॉनिटरच आला असता," असे हे म्हणाले, आणि ते अगदीच खोटे नव्हते. पण तो मॉनिटर लावला असता कुठे? आमचा चौकोनी मॉनिटर जुना, त्याला एचडीएमआय नाही, व्हीजीए. म्हणून अ‍ॅडॉप्टरच्या पुढे एचडीएमआयचे व्हीजीए करणारा आणखी एक छोटा डबा जोडावा लागला. एचडीएमआयचे चित्र आकड्यांचे, व्हीजीएचे लहरींचे. त्यामुळे नुसती तार पुरत नाही, मध्ये दुभाष्या लागतो. अशी ती आगगाडी तयार झाली.

चित्र आले! पण कसे? अक्षरे ओढली, की मागून फरफटत यावीत, तसे. उंदराचा बाण या टोकाला नेला, की अर्ध्या क्षणाने निघे. मी हताश झाले. मुलाने वाकून पाहिले आणि म्हणाला, "आई, तू काळ्या पोर्टात लावलेस. निळ्यात लाव." लॅपटॉपच्या दोन चपट्या पोर्टांपैकी एकाच्या आत काळी पट्टी होती, ती २.० ची, दुसऱ्यात निळी, ती ३.० ची. वरून दोन्ही जुळ्या बहिणी. निळ्यात लावले आणि फरफट थांबली. रंगाची ही खूण सगळेच पाळतात असे नाही, हेही सांगून ठेवते. पोर्टाशेजारी एसएस अशी अक्षरे असली, तर अधिक बरे. आणि या ३.० चेच नाव पुढे ३.१ जनरेशन १ आणि नंतर ३.२ जनरेशन १ असे झाले. एका पोर्टाला तीन नावे! पाठभेदांचा रोग केवळ पोथ्यांनाच असतो, असा माझा गैरसमज होता.

मग पुढची गंमत. दोन पडद्यांवर एकच चित्र. विंडोजची कळ दाबून धरून इंग्रजी पी हे अक्षर दाबले, की संगणक विचारतो: नक्कल करू, की विस्तार करू? 'डुप्लिकेट' म्हणजे नक्कल. 'एक्स्टेंड' म्हणजे विस्तार. आपल्याला विस्तार हवा असतो. तो केला, तेव्हा तीन पडद्यांवर तीन वेगळी पाने उभी राहिली.

पण उंदीर हरवला. चौकोनी मॉनिटर माझ्या डाव्या हाताला होता आणि संगणकाची समजूत अशी, की तो उजवीकडे आहे. डावीकडे नेलेला बाण भिंतीला थडकल्यासारखा थांबे. सासूबाई शब्दकोडे सोडून पाहत होत्या. म्हणाल्या, "अगं, गेला कुठे तो? पलंगाखाली बघ." डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये पडद्यांच्या १, २, ३ अशा चौकटी दिसतात. टेबलावर जशी रचना, तशाच त्या सरकवून ठेवल्या, की उंदीर वाट चुकत नाही. आणि कधी मॉनिटर काढून ठेवल्यावर एखादी खिडकीच दिसेनाशी झाली, तर विंडोज आणि शिफ्ट या कळा धरून बाणाची कळ दाबावी. पडदे दोन किंवा अधिक असतील, तर खिडकी शेजारच्या पडद्यावर उडी मारते.

मानेचे म्हणाल, तर पडदे वाढल्याने ती आपोआप सुधारत नाही. उलट बिघडू शकते. ज्याच्याकडे अधिक वेळ पाहायचे, तो पडदा नाकासमोर, हातभर अंतरावर, आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली. मी बावीस इंची मॉनिटर समोर घेतला, त्याच्याखाली दोन जुने शब्दकोश ठेवले, आणि बाकीचे दोघे दोन बाजूंना आत वळवून बसविले. महिन्याभरात वर्गात फळ्याकडे मी पुन्हा नुसती मान वळवून पाहू लागले.

एक गळालेली ओळ

समोर क, डावीकडे ख, उजवीकडे लॅपटॉपवर ग आणि माझी संहिता. काम भराभर चालले. आणि डिसेंबरातल्या एका रात्री, सातशेच्या पुढच्या एका ओवीपाशी, मी थांबले.

त्या ठिकाणी ख प्रतीत अर्थ लागत नाही. अर्धा शब्द एका ओवीतला आणि अर्धा पुढच्या ओवीतला, असे एक विचित्र जोडपे तेथे आहे. मधला मजकूर गळालेला. चार वर्षांपूर्वी मी तेथे 'ख त्रुटित' एवढी नोंद करून पुढे गेले होते. लिहिणाऱ्याची नजर चुकली, एवढेच मानले होते. पण आता दोन्ही पाने जशीच्या तशी शेजारी होती. मी ख मध्ये गळालेला मजकूर कोठे सुरू होतो, ते क च्या पानावर पाहिले. तो ओळीच्या पहिल्या अक्षराला सुरू होत होता. कोठे संपतो, ते पाहिले. त्याच ओळीच्या शेवटच्या अक्षराला. क प्रतीची एक सबंध ओळ, न कमी न जास्त, ख मध्ये नव्हती.

याचा अर्थ ज्याला या कामाची सवय आहे, त्याच्या पोटात गोळा येईल. ख लिहिणाऱ्यापुढे क हीच पोथी होती. लिहिता लिहिता त्याची नजर एक ओळ ओलांडून खाली गेली. पण एका खुणेवर निकाल देऊ नये, म्हणून मी पहाटे दोनपर्यंत पाने उलटीत राहिले. पुढे एके ठिकाणी क चे पान कसरीने खाल्ले आहे. ख मध्ये नेमकी तेवढीच अक्षरे सोडून कोरी जागा ठेवलेली आहे. आता शंका उरली नाही.

मी सहा वर्षे ख ला स्वतंत्र साक्षीदार मानीत आले होते. क आणि ख यांचा पाठ एक आणि ग चा वेगळा, अशा चारशे बारा ठिकाणी मी 'दोन विरुद्ध एक' असा कौल देऊन ग चा पाठ तळटीपेत ढकलला होता. ते दोन नव्हतेच. एकच साक्षीदार दोनदा बोलत होता. टंकलिहित संहितेत ओळी मोडून नव्याने जुळतात, त्यामुळे हे तिथे दिसणे शक्यच नव्हते. आणि एका पडद्यावर एकेक पान पाहताना ते मला कधीच दिसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी भीतभीत सरांना फोन केला. त्यांची दृष्टी आता अधू झाली आहे, कान शाबूत आहेत. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"ओळ नेमकी तेवढीच आहे?"

"तेवढीच, सर."

"मग आनंदाची गोष्ट आहे. साक्षीदार मोजायचे नसतात, त्यांची सोयरीक बघायची असते, हे मी तुला एम. ए. ला सांगितले होते."

"पण सर, चारशे बारा ठिकाणे पुन्हा बघावी लागतील."

"बघ की. छापून झाल्यावर कळले असते, तर काय केले असतेस?"

पुढच्या रविवारी सर मुद्दाम रिक्षा करून आले. आम्ही क चे ते पान बावीस इंची पडद्यावर मोठे केले. एकेक अक्षर सुपारीएवढे. सरांनी चष्मा काढला, पडद्याच्या अगदी जवळ खुर्ची ओढली आणि बोट काचेला न लावता त्या ओळीवरून फिरविले. पुष्कळ दिवसांनी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पोथी वाचली. मग डावीकडे वळून ख चे पान पाहिले आणि म्हणाले, "बिचारा! दिवेलागणीची वेळ झाली असेल."

दोनशे वर्षांपूर्वी, अंधुक उजेडात, बोरू हाती घेऊन बसलेला तो माणूस त्या क्षणी आमच्या टेबलाशी येऊन बसल्यासारखे मला वाटले. त्याच्यावर रागावणे मग जमले नाही.

आज, ही दिवाळी तोंडावर असताना, चारशे बारांपैकी दोनशे साठ ठिकाणे तपासून झाली आहेत. त्यांतल्या एक्याण्णव ठिकाणी ग चा पाठ तळटीपेतून उठून वर आला आहे आणि खरे सांगायचे, तर तेथे अर्थही पूर्वीपेक्षा चांगला लागतो. चौकोनी मॉनिटर भंगारात गेला नाही. सुटीच्या दिवशी दुपारी लॅपटॉप घरी असला, की सासूबाई त्याच्यावर वर्तमानपत्राची अक्षरे मोठी करून वाचतात, आणि शब्दकोडे अडले, की ते उघडेच ठेवून मला हाक मारतात.

फराळाच्या दिवसांत मात्र तिन्ही पडदे चार दिवस कपाटावर चढतात. चकल्यांचे डबे ठेवायला जागा लागते, आणि टेबल अजून एकच आहे.